मंजूच्या लग्नाला लागलेलं सील

आमच्या गावात कोणाचंही दार न विचारता फोडण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस म्हणजे मी! गावाचं नाव सांगत नाही. नाशिकहून सिन्नरच्या दिशेने निघालात की पाऊण तासात, जरा आडबाजूला लागतं, एवढं पुरे. आमची नगरपरिषद लहान, अग्निशमन केंद्र त्याहून लहान, आणि मला अजून सहा वर्षं नोकरी काढायची आहे.

तर मी इथला अग्निशमन अधिकारी. दोन गाड्या, अकरा माणसं. लोकांना वाटतं, फायरवाला म्हणजे पाइप धरून उभा राहणारा माणूस. अहो, कायदा वाचा! आगीच्या ठिकाणी मी पोहोचलो की तिथला राजा मी. रस्ता बंद करीन, भिंत पाडीन, वीज तोडायला लावीन, कोणाचीही विहीर उपसीन. समोर आमदार असला तरी 'मागे व्हा' म्हणेन. आणि त्यासाठी आग लागायची वाट बघायलाच पाहिजे असंही नाही. एखादी जागा धोक्याची वाटली की कलम आठ! माणसं बाहेर, दाराला सील. घरात मात्र गॅसचा सिलिंडर बदलायची मला परवानगी नाही. आमच्या सौभाग्यवती लता म्हणतात, "तुम्ही लावलात की वास येतो." पण तो विषय वेगळा.

अधिकार कसा वापरावा याचं उदाहरण म्हणून कुसाबाईचं प्रकरण सांगतो. गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेर एका बारदानाच्या गोदामाला आग लागली. रस्त्याने गाडी जाईना आणि मध्ये कुसाबाईचं वावर. कुसाबाई म्हणजे सत्तरीची, एकटीने भाजीपाला पिकवून बाजारात नेणारी बाई. आवाज आमच्या सायरनच्या वरचा. मी क्षणात निर्णय घेतला! तारेचं कुंपण तोडलं, गाडी भेंडीतून घातली, तिची विहीर तळापर्यंत उपसली आणि आग विझवली.

कुसाबाई धावत आली. "माझं कुंपन! माझी भेंडी! इचारलं का मला?"

"बाई, आगीच्या ठिकाणी मला कोणाची परवानगी लागत नाही," मी म्हणालो आणि कलम म्हणून दाखवलं.

"मंग कुंपन कोन बांधील?"

"प्रस्ताव पाठवतो."

पाठवला की! तो अजून टेबलांवरून फिरतोय. माझ्या शब्दात खोट नाही.

असा मी. आता मंजूच्या लग्नाकडे येतो, म्हणजे माझ्या सर्वनाशाकडे.

मंजुषा माझी एकुलती एक मुलगी. तिचं ललितशी जमलं. मुलगा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनियर, घरची निफाडकडे द्राक्षाची बाग. त्याचे वडील बहिरू तात्या, मोठे मानी गृहस्थ. सुपारी फुटली त्या दिवशी चहाच्या टेबलावर ते मला म्हणाले, "पाव्हणं, आमचं एकच म्हननं हे. आमच्या थोरल्याच्या लग्नात मुलीकडच्यांनी आमच्या मानसांना भर उनात रस्त्यावर उभं केलं व्हतं. अजून घरात त्याचं बोलनं निघतं. तेवढं व्हायला नको."

"तात्या, निर्धास्त राहा!" मी छाती पुढे काढली. "इथलं सारं गाव माझ्या सहीवर चालतं!"

लताने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. ते माझं आयुष्यभराचं धोरण आहे.

मंजूने मात्र काहीच मागितलं नाही. ना घोडा, ना ड्रोन. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "बाबा, त्या दिवशी सायरन वाजला तरी जायचं नाही."

त्याचं कारण मला ठाऊक होतं. तिच्या पाचव्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी मला फोन आला, मी गेलो. आठव्याला गेलो. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी एका गोठ्याच्या छपरावर होतो. फोटोंच्या अल्बममध्ये मी दारातून बाहेर पडताना पाठमोरा दिसतो. त्याचं मला वाईट वाटतं, पण ते मी घरात कधी बोललो नव्हतो.

"त्या दिवशी मी फक्त तुझा बाप," मी म्हणालो. "लेखी रजा टाकतो. चार्ज भाग्यश्रीकडे!"

भाग्यश्री माझी सहायक. सत्तावीस वर्षांची, प्रशिक्षणात पहिली आलेली. तिला घडवलं मी. रुजू झाली त्या दिवशी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "या खुर्चीत बसल्यावर नातं बघायचं नाही. समोर माझा बाप असला तरी सील लावायचं!" तिने ते वहीत लिहून घेतलं, तारखेसकट. मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. आता ती वही जाळावीशी वाटते, पण आम्हाला जाळण्याचा अधिकार नाही.

लग्नाची जागा मीच ठरवली. आमच्या नाशिक भागात लग्न कार्यालयात नाही, लॉन्सवर होतं. लॉन एकच असलं तरी नाव 'लॉन्स'च! गावाबाहेर सोमाशेठचं 'मोरपंखी लॉन्स' आहे, कुसाबाईच्या वावराला लागून. तिथे मी आठ वेळा गेलो. व्यासपीठ पाहिलं, जेवणाची टेबलं पाहिली, प्रवेशाची फुलांची कमान पाहिली. "सोमाशेठ, कमान दोन्ही बाजूंनी जरा आत घ्या. फोटोत भरगच्च दिसेल," असंही सुचवलं. सोमाशेठने लगेच वहीत टिपलं. त्या काळात माझं बोलणं सगळेच टिपून घेत होते, नेमकं ते सोडून जे टिपायला हवं होतं.

आणि आता ती सही.

लग्नसराईच्या तोंडावर बाहेरचं एक पथक येऊन आमच्या हद्दीतल्या चौदा लॉन्सची तपासणी करून गेलं. अहवालावरून जानेवारीत चौदा नोटिसा गेल्या. महिन्याची मुदत संपली, चौदांपैकी कोणीही काही केलं नाही, म्हणून चौदा सील-आदेश तयार झाले. रजेवर जायच्या आदल्या संध्याकाळी आमचा लिपिक दिनेश ते घेऊन आला. प्रत्येक कागदावर पिवळी चिठ्ठी, 'सर, इथे सही.' मी फोनवर आचाऱ्याशी बासुंदी घट्ट हवी की पातळ यावर बोलत होतो. सरकारी कागदावर लॉन्सचं नाव नसतंच हो! 'गट नंबर अमुक, भोगवटादार तमुक' एवढंच. मी डाव्या हाताने फोन धरला आणि उजव्या हाताने चौदा सह्या ठोकल्या.

"घट्ट!" मी आचाऱ्याला म्हणालो.

गट नंबर तीनशे बारा, भोगवटादार गोजराबाई, म्हणजे सोमाशेठची आई, म्हणजे मोरपंखी लॉन्स. हे मला कळायला अजून दीड दिवस होता.

तुम्ही म्हणाल, सोमाशेठला तर नोटीस मिळाली असेल? मिळाली होती! पण त्याच आठवड्यात मी तिथे माझ्याच मुलीचं लग्न ठरवलं. सोमाशेठने नोटीस देवघरात ठेवली आणि बायकोला सांगितलं, "खुद्द साहेबांच्या घरचं कार्य आपल्याकडे. आता आपल्याला कोण हात लावतो?" मी त्याच्याकडे निर्धास्त, तो माझ्याकडे निर्धास्त! एवढा विश्वास मी माझ्या लग्नानंतर कुठे पाहिला नव्हता.

लग्नाचा दिवस उजाडला. फेब्रुवारीतला रविवार. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. मी जोधपुरी कोट, डोक्याला फेटा. साडेदहापर्यंत सहा-सातशे माणूस जमलं. बहिरू तात्यांची मंडळी तीन बस भरून आली. मी त्यांना पुढच्या सोफ्यावर बसवलं, वर पंखा, हातात थंड मठ्ठा. तात्या पहिल्यांदाच हसले.

"लय बेस वेवस्था हे, पाव्हणं."

तेवढ्यात सायरन ऐकू आला.

हाडाचा फायरवाला मी, आवाजावरून गाडी ओळखली. आमचीच, एक नंबरची. आणि लगेच उलगडा झाला. पोरांनी मला मानवंदना द्यायचं ठरवलंय! माझा ऊर भरून आला.

"तात्या, उठा, उठा! माझा स्टाफ सलामी द्यायला आलाय!"

तात्या उठले. त्यांची मंडळी उठली. बँडवाल्यांना मी खूण केली, त्यांनी जोरदार वाजवायला घेतलं. फोटोग्राफर धावला. लाल गाडी कमानीपाशी येऊन थांबली, कारण कमानीतून आत येईना. भाग्यश्री पूर्ण गणवेशात उतरली, चालत माझ्यासमोर आली आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. मी फेट्यासकट सॅल्यूट केला. टाळ्या पडल्या!

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "गट नंबर तीनशे बारा."

"काय?"

तिने कागद पुढे केला. मी वाचला. खाली ओळखीची, वळणदार, झोकात मारलेली सही होती. बँड थांबवायचं कोणाला सुचलं नाही.

"नकाशा लावून गट नंबर शोधत आलो, सर," भाग्यश्री म्हणाली. "कमानीवर मंजूचं नाव दिसलं. पाच मिनिटं गाडीतच बसून होते. मग वही काढून वाचली."

"कुठली वही?"

"समोर माझा बाप असला तरी..."

"माझा बाप म्हणालो होतो, भाग्यश्री! माझी मुलगी म्हणालो नव्हतो!"

"सर, जागा रिकामी करावी लागेल."

"मी सांगतो, आदेश मागे घे."

"सर, तुम्ही रजेवर आहात. चार्ज माझ्याकडे आहे."

शुक्रवारी मीच सही करून दिलेला चार्ज! त्या क्षणी त्या सातशे माणसांत कसलाही अधिकार नसलेला माणूस मी एकटाच होतो. सोमाशेठकडे निदान किल्ल्या होत्या.

तात्या जवळ आले. "काय झालं, पाव्हणं? सलामी झाली ना?"

"झाली, झाली! तुम्ही बसा, मठ्ठा घ्या!"

मी मंडपामागे धावलो आणि आमच्या मुख्याधिकारी साहेबांना फोन लावला. "साहेब, माझी रजा रद्द करा! आत्ता! ताबडतोब!"

"अहो, आज तुमच्या मुलीचं लग्न ना?"

"म्हणूनच!"

नोकरीच्या सव्वीस वर्षांत माझा एकही अर्ज तीन महिन्यांच्या आत मंजूर झालेला नाही. हा दोन मिनिटांत झाला. व्हॉट्सॲपवर आदेश आला! मी तो भाग्यश्रीसमोर धरला. तिने वाचला, पुन्हा सॅल्यूट ठोकला आणि फाइल माझ्या हातात दिली.

"चार्ज दिला, सर. आता सगळे अधिकार तुमचे."

"शाब्बास! गाडी घेऊन जा."

"जाते, सर. फक्त इथे सही लागेल." तिने पान उलटलं. तिथे लिहिलं होतं: मी स्वतः पाहणी केली असून सदर जागा सुरक्षित आहे.

"आण पेन."

"सर, पाहणी?"

आता हा नियमही मीच शिकवलेला. पाहणीशिवाय सही नाही. (शुक्रवारच्या चौदा सह्यांचा विषय कृपया काढू नका.) म्हटलं, चला, पाच मिनिटांचं काम. फेटा सावरत निघालो.

आठ वेळा मी त्या लॉन्सवर गेलो होतो, पण मुलीचा बाप म्हणून. अधिकाऱ्याचे डोळे ऑफिसात टेबलावर ठेवून गेलो होतो. आज ते सोबत होते आणि मला पहिल्यांदा ती जागा दिसली.

बाहेर पडायला फाटक एकच, आणि त्यातली निम्मी जागा फुलांच्या कमानीने खाल्लेली. ती कमान आत घ्यायला कोणी सांगितलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. मागचं दार होतं, पण त्याला कुलूप आणि कुलपापुढे खुर्च्यांची चळत. वर सगळं कापडी छत. त्या कापडातून, कागदी फुलांच्या आड दडवून, चिकटपट्टीने जोडलेल्या वायरी. व्यासपीठाच्या पाठीमागे भट्ट्या आणि गॅसचे अकरा सिलिंडर. आग विझवायची दोन नळकांडी होती. एकाची मुदत कधीच संपली होती आणि दुसरं, पलीकडच्या खोलीचं दार वाऱ्याने लागू नये म्हणून, त्या दाराला टेकवलं होतं.

आणि सिलिंडरांपासून सात पावलांवर एक खिडकी. त्या खिडकीच्या आत माझी मंजू नटायला बसली होती.

मी तिथेच उभा राहिलो. भाग्यश्रीने पेन पुढे केलं. सोमाशेठ मागून म्हणाला, "साहेब, दोन तासांचा तर प्रश्न आहे! इतकी वर्षं इथे लग्नं होतात, काही झालंय का? मारा सही!"

हेच वाक्य मी जळालेल्या जागी उभा राहून किती मालकांच्या तोंडून ऐकलंय! मी पेन उघडलं. पेन बंद केलं. पुन्हा उघडलं. दार फोडायचा अधिकार होता, विहीर उपसायचा होता, आमदाराला मागे ढकलायचा होता. पण 'सुरक्षित आहे' एवढे दोन शब्द खरे करायचा अधिकार जगात कोणी मला दिलेला नव्हता. मला तिथे, त्या अकरा सिलिंडरांसमोर, खाली बसून रडावंसं वाटलं.

खिडकीतून मंजूने डोकं बाहेर काढलं. निम्मे केस बांधलेले, निम्मे मोकळे. "बाबा, सायरन कसला? तुम्ही निघालात का?"

"नाही गं."

तिने माझ्या हातातली फाइल पाहिली, भाग्यश्रीचा गणवेश पाहिला, माझा चेहरा पाहिला. फायरवाल्याची मुलगी ती.

"बाबा, खरं सांगा. सही करण्यासारखं आहे का?"

मी मान हलवली. आडवी.

"मग सातशे माणसं आत काय करतायत?" असं म्हणून तिने शालू उचलला आणि मागे पार्लरवाली कंगवा घेऊन धावत असताना स्वतःच्या लग्नातून सगळ्यांत आधी बाहेर चालत गेली.

मग मी गाडीवरचा भोंगा घेतला. "मंजुषा आणि ललित यांच्या विवाहासाठी जमलेल्या सर्व पाहुण्यांना नम्र विनंती, कृपया शांतपणे बाहेर पडा!"

"आग कुठे लागली?"

"आग लागलेली नाही!"

"मग बाहेर कशाला?"

"लागू नये म्हणून!"

याहून अवघड वाक्य मी आयुष्यात कोणाला समजावलेलं नाही. सातशे माणसं त्या अरुंद कमानीतून बाहेर पडायला बावीस मिनिटं लागली, तीही आग नसताना. मी घड्याळ लावून मोजली. दरम्यान रस्त्याच्या या टोकाला बातमी होती की सिलिंडर फुटला, आणि त्या टोकाला होती की नवरी पळाली. लताचे मामा नाशिकला द्वारकेच्या चौकात पोहोचले होते. नवरी पळाल्याचा फोन त्यांना तिथे गेला आणि ते आहेराची पैठणी घेऊन तिथूनच परत फिरले!

मी स्वतःच्या हाताने फाटकाला सील लावलं. लाखेवर ठसा उमटवला. फोटोग्राफरने त्याचाही फोटो काढला.

मागे वळलो तर भर उन्हात, रस्त्यावर, निफाडच्या तीन बस माणसं उभी. आणि मधोमध बहिरू तात्या, छातीवर हाताची घडी.

"पाव्हणं," ते म्हणाले, "सारं गाव तुमच्या सहीवर चालतं म्हनला व्हता ना?"

"तात्या..."

"चालंना का आता?" आणि ते एका दगडावर पाठ फिरवून बसले. ललित बिचारा त्यांच्या शेजारी बाशिंग हातात धरून उभा. घड्याळात अकरा सत्तावन्न झाले होते. लता माझ्याकडे आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आता काय करायचं हो?"

मी हताशपणे इकडेतिकडे बघितलं. आणि दिसलं कुसाबाईचं वावर. कोबी काढून मोकळं झालेलं, दोन-अडीच बिघे, चारी बाजूंनी उघडं. ना छत, ना वायर. मध्ये फक्त ते कुंपण, आणि कुंपणाला गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाडीने पाडलेलं भगदाड. मी तिकडे धावलो आणि भगदाडातून एक पाय आत घातला.

"थांब! तिथून नाय!"

कुसाबाई विहिरीच्या कठड्यावर बसून सकाळपासून सगळी मजा बघत होती.

"दारातून ये," ती म्हणाली.

पाय बाहेर काढला. दोनशे पावलांचा वळसा घालून फाटकातून आत गेलो. नवे बूट चावत होते.

"कोन? फायरवाला का? आज काय जळतंय?"

"माझं नशीब, कुसाबाई. दुसरं काही नाही."

"मंग माझ्याकडं कशाला आला? जा की घुसून. तुला कुठं कुनाची परवानगी लागती?"

मी फेटा काढला. हात जोडले. "आज लागते."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघितलं. तिथे मंजू कोणाच्या तरी छत्रीखाली उभी होती, निम्मे केस मोकळे, आणि पार्लरवाली उभ्या उभ्या पिना लावत होती.

"ती तुझी पोरगी?"

"हो."

"येकच हे?"

"एकच."

कुसाबाई उठली. कंबरेवर हात ठेवून अधिकाऱ्यासारखी वावराची पाहणी केली. "त्या अंगाला मिरचीचं रोप हे. त्यात कुनाचा पाय पडला तर मी भर लग्नात येऊन बोलंन. फटाकडे नाय. चूल नाय. आन् कुंपन बांधायचं. तुझ्या मानसांनी नाय, तू सोता."

"बांधतो!"

"कवा?"

"प्रस्ताव..."

"काय म्हनला?"

"रविवारी! येत्या रविवारपासून!"

मग ती रस्त्यावर आली आणि सरळ बहिरू तात्यांसमोर उभी राहिली. "रुसून बसला व्हय? त्यानं आत कोंडून ठिवलं असतं, आन् पेटलं असतं, तर कुनाशी रुसला असता? ऊठ! पोरगा बाशिंग धरून उभा हे अन् बाप दगडावर बसलाय!"

तात्यांना असं कोणी बोललं नसावं. ते उठले. उठून सीलबंद फाटकाकडे बघितलं, मग कमानीकडे, मग आपल्या तीन बस माणसांकडे, आणि वावरात शिरले. त्यांच्यामागे सगळं निफाड शिरलं.

जेवण आतच अडकलं होतं. भाग्यश्रीने दोन जवान भिंतीवरून आत उतरवले, बाहेर माणसं ओळीने उभी केली आणि बासुंदी, वरण, भात, जिलेबी असं सगळं हातोहात भिंतीवरून बाहेर काढलं. माईकही आत, म्हणून भटजींच्या हातात गाडीवरचा भोंगा दिला. मी भाग्यश्रीला फाइल परत केली. "चार्ज घे. मी पुन्हा रजेवर." दोन दिवसांत चार्जने तिसऱ्यांदा हात बदलला!

बारा पस्तीसला कोबीच्या बुडख्यांमध्ये अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. आणि तिसऱ्या कडव्याला गाडीचा सायरन वाजला.

या वेळी खरा कॉल होता. गावाच्या पलीकडे कडब्याच्या गंजीला आग लागली होती. अंतरपाटाच्या वरून मंजूचे डोळे वर आले. ती मला शोधत होती. पाचव्या वाढदिवसाला शोधत होती तशीच.

खोटं कशाला सांगू, माझा उजवा पाय उचलला गेला होता. लताने मागून कोट धरला. भाग्यश्री भटजींच्या हातातला भोंगा काढून घेत धावत माझ्याजवळून गेली आणि जाता जाता म्हणाली, "सर, चार्ज माझ्याकडे आहे."

दीड-दोन तासांपूर्वी याच वाक्याने माझा जीव घेतला होता. गाडी गेली. धूळ खाली बसली. भटजींनी उरलेली मंगलाष्टकं नुसत्या गळ्यावर म्हटली आणि मी तिथेच उभा राहून अक्षता टाकल्या. मंजूच्या अल्बममध्ये माझा समोरून काढलेला हा पहिला फोटो. हातात फेटा, डोळे लाल, बुटांना चिखल. लता म्हणते, धूर नसताना मी एवढा रडलेला तिने प्रथमच पाहिला.

आता तुम्ही विचाराल, अधिकारांचं काय? आहेत की, सगळे आहेत! सोमवार ते शनिवार मी कोणाचंही दार फोडू शकतो. हल्ली दिनेशच्या पिवळ्या चिठ्ठ्या काढून आधी कागद वाचतो, त्यामुळे ऑफिसात सगळे वैतागलेत. सोमाशेठने मागचं दार उघडलं, सिलिंडर लांब नेले, कमान रुंद केली. तात्या फोन करतात तेव्हा 'पाव्हणं, आज कुठं सही नाय ना केली?' असं विचारतात, म्हणजे राग गेला असावा.

फक्त ते कुंपण अजून पुरं झालेलं नाही. हा पाचवा रविवार. मी खांब पुरतो, तार ओढतो, हाताला ओरखडे पडतात. संध्याकाळी कुसाबाई येते, प्रत्येक तार ओढून बघते, "ढिली हे, सोड अन् परत बांध," म्हणते आणि निघून जाते. मी कलम वगैरे काही म्हणून दाखवत नाही. रविवारी मी रजेवर असतो, आणि चार्ज कुसाबाईकडे असतो.